बायांचा मुलूख : आखाजीपर्यंतच्या प्रकल्प नोंदी

३० मार्च २०२५, पाडवा

गुढी उतरवली, घरात सगळे झोपलेत, आता बसून काम काय आहे ते नीट लिहून ठेवते म्हंजे पुढे भरकटायला नको.

१९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये एक इंग्रजी गोष्ट छापून आली, नाव 'सुलतानाज ड्रीम'. लिहिणारी रुकय्या सखावत हुसेन, बंगालची, तेव्हा पंचविशीची, शाळेत एक दिवसही न गेलेली. गोष्टीत सुलताना आरामखुर्चीत डुलकी घेते आणि तिला सिस्टर सारा नावाची बाई एका देशात घेऊन जाते, तिथे रस्त्यावर फक्त बायका असतात, पुरुष घरात पडद्यात. पण माझ्यासाठी गोष्ट तिथे सुरूच होत नाही. ती सुरू होते स्वयंपाकघरात. सारा तिला आपलं स्वयंपाकघर दाखवते तर तिथे धूर नाही, कोळसा नाही, धुराडं नाही, भाजीच्या बागेत स्वच्छ खोली आणि नळीतून आणलेल्या उन्हावर शिजणारं अन्न. १९०५ साली!

आपल्याकडे या बाईंचं नाव कुठे भेटलंच तर स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत, समाजसुधारक, मुलींची शाळा काढली, संपलं. विज्ञानकथा लिहिणारी म्हणून कोणी सांगत नाही. मी तेरा वर्षं जळगावला ज्युनियर कॉलेजच्या लॅबमध्ये आहे, विज्ञानकथा वाचायचं वेड शाळेपासूनचं, आणि मलाही ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच सापडली, याचं फार वाईट वाटतं.

तर काम दोन. एक, गोष्ट मराठीत आणायची, साराचं बोलणं अहिराणीत. दोन, तिच्यातली उन्हाची चूल खरी करून दाखवायची. ३० एप्रिलला आखाजी, म्हंजे अक्षय तृतीया, मी माहेरी अमळनेर तालुक्यात जाणारच, तेव्हा निंबाखाली झोक्यापाशी वाचायची. एक महिना आहे हातात.

२ एप्रिल

आज नुसतं बाईंच्या आयुष्यावर बसले. जन्म ९ डिसेंबर १८८०, रंगपूर जिल्ह्यातलं पैराबंद, आता ते बांगलादेशात. मोठं जमीनदार घर, मुलींना पडदा कडक, घरातली भाषा उर्दू, बांगला शिकणं म्हंजे हलकं काम. मोठा भाऊ इब्राहिम रात्री सगळे झोपले की मेणबत्ती लावून तिला इंग्रजी शिकवायचा, मोठी बहीण करीमुन्नेसा बांगलासाठी पाठीशी उभी राहिली. नवरा भागलपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट, त्यानेही लिहायला बळ दिलं.

जन्मसाल लिहिताना हात थांबला. १८८०. आपल्या बहिणाबाई चौधरी पण १८८० च्याच, असोद्याच्या, नागपंचमीला जन्मलेल्या. एकीला मेणबत्ती तरी मिळाली, दुसरीला अक्षरसुद्धा नाही, तिने जात्यावर रचलं आणि मुलाने, त्याच्या मावसभावाने उतरवून घेतलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. दोघी एका सालच्या लेकी आणि दोघींच्या डोक्यात चूल, पाणी, शेत. बहिणाबाईंना आपण डोक्यावर घेतलं, योग्यच केलं. ही दुसरी बाई मात्र आपल्या गावात कधी आलीच नाही. माझ्या प्रस्तावनेत ही दोन नावं शेजारी शेजारी येणार, पक्कं.

५ एप्रिल

भाषांतर सुरू. चार पानं झाली आणि चार शब्दांनी रात्र खाल्ली.

पहिला शब्द देशाचं नाव, लेडीलँड. 'स्त्रीराज्य' लगेच सुचतं पण आपल्याकडे स्त्रीराज्य म्हटलं की नवनाथांची पोथी आठवते, मच्छिंद्रनाथ तिथे जाऊन अडकले आणि गोरखनाथ त्यांना सोडवायला गेले, म्हंजे बायकांचं राज्य हा पुरुषाला पडलेला मोह. रुकय्याबाईंच्या देशात कोणाला मोहबिह पडत नाही, तिथे कामं चालतात, विद्यापीठं चालतात. म्हणून स्त्रीराज्य नको. 'बायांचा मुलूख' ठेवलंय. मुलूख शब्दाला माती आहे.

दुसरा, मॅनिश. रस्त्यावरच्या बायका सुलतानाला बघून हसतात आणि सारा सांगते, त्या म्हणतात तुम्ही फार मॅनिश दिसता, म्हंजे लाजऱ्याबुजऱ्या, पुरुषासारख्या. मराठीत 'पुरुषी' लिहिलं तर अर्थ उलटा होतो, धीट बाई डोळ्यासमोर येते. मग आपण पोरांना म्हणतो ना, बाईसारखा लाजतो काय, तेच फिरवलं: बाप्यासारखी लाजतेस काय. एका ओळीत सगळा देश उभा राहिला.

तिसरा मर्दाना, म्हंजे पुरुषांना ठेवायची जागा, तो सोपा, बायकांचा जनानखाना तसा पुरुषांचा मर्दानखाना.

चौथा चिरूट. सुलताना विचारते की तुम्ही ऑफिसचं काम पण करता आणि हे भरतकाम पण, वेळ कसा पुरतो? सारा म्हणते मी दिवसभर प्रयोगशाळेला चिकटून बसत नाही, माझं काम दोन तासात होतं. आणि मग ती हिशोब सांगते, एक चिरूट जळायला अर्धा तास, एक माणूस दिवसाला बारा ओढतो, म्हंजे सहा तास नुसत्या धुरात. मी आधी गावाला कळावं म्हणून बिडी लिहिलं होतं. पण बिडी अर्धा तास कुठली जळायला, पाच-सात मिनिटांत संपते, बाईंचा हिशोबच मोडतो. परत चिरूट केलं. त्यांनी आकडा मांडलाय तर तो जपलाच पाहिजे.

६ एप्रिल, रविवार

खोकं बनवलं. टीव्हीच्या खोक्यात दुसरं लहान खोकं, मधल्या चार बोटांच्या जागेत काय भरावं तर भावाकडे फरदडचा, म्हंजे हंगाम संपल्यावर ठेवलेल्या झाडांचा, कापूस पोत्यात पडून होता, भाव नाही म्हणून तसाच राहिलेला, तो सरकीसकट दाबून भरला. आतून ॲल्युमिनियमचा कागद, तळाला काळा रंग दिलेला पत्रा, वर काच, आणि झाकणाला आतून जुना आरसा. भांडं पण बाहेरून काळं केलं. तत्त्व एवढंच की ऊन काचेतून आत जातं, काळ्या पत्र्यावर त्याची उष्णता होते आणि काच ती उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही, बंद करून उन्हात लावलेली गाडी आतून तापते तसं.

कोणी म्हणेल १९०५ साली बाईंनी हे हवेतून काढलं का. तसं नाही आणि मला हे जास्त आवडतं. १८७८ साली मुंबईत विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज माणसाने, हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार होता, आरसे लावून सूर्याची चूल केली होती, उन्हावर वाफेचं इंजिन पण चालवून दाखवलं कुलाब्याला, पुस्तकही लिहिलं की उष्ण देशात लाकडाकोळशाऐवजी ऊन वापरा. म्हंजे विज्ञान हवेत होतं. पण ॲडम्ससाठी तो इंधनाचा प्रश्न होता. रुकय्याबाईंनी त्याच उन्हाला विचारलं की यामुळे चुलीपाशी बसलेल्या बाईचं काय होईल. विज्ञानकथा म्हणतात ती हीच. यंत्र एकाने करावं आणि त्या यंत्राने घर कसं बदलेल ते दुसऱ्याने आधीच बघून यावं.

१३ एप्रिल, रविवार, माहेरी

पहिली चाचणी फेल.

साडेअकराला खोकं गच्चीवर ठेवलं, लॅबचा ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर आत. ऊन असं की चप्पल काढून उभं राहवत नाही. बाराला ६२, साडेबाराला ७०, एकला ७१, आणि तिथेच थांबलं. काचेला आतून वाफ धरली. दीडला भांडं उघडलं तर तांदूळ फुगलेले पण कच्चे. वहिनी काही बोलली नाही, तिने गुपचूप गॅसवर दुसरा भात टाकला.

माय मात्र बराच वेळ खोक्यापाशी उकिडवी बसून होती. शेवटी म्हणाली, "आन मांडा कशा व्हतीन तेन्हावर?"

खरा प्रश्न आहे. मांडे खापरावर होतात, खापराला खालून जाळ लागतो, हातावर वाढवलेला मांडा टाकला की क्षणात भाजला पाहिजे. खोक्याची चूल शंभर-सव्वाशे अंशांची, ती भात-डाळ शिजवेल, भाजणार नाही. मी मायला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "मंग आर्धी चूल शे हाई." लिहून ठेवलंय. वाचनाच्या दिवशी अर्धी चूल म्हणूनच सांगणार, उगाच मोठेपणा नाही सांगणार.

१४ एप्रिल

सुट्टी होती म्हणून राहिले. दोष सापडला: काच आणि खोक्याच्या कडेत फट आणि पुठ्ठ्याला ओल. पुठ्ठा दिवसभर उन्हात वाळवला, भावाने सायकलची जुनी ट्यूब कापून कडेला रबराची पट्टी लावून दिली, वर दुसरी काच टाकली, दोन काचांत बोटभर जागा.

१६ एप्रिल

आज भाषांतर नाही केलं, एक वेगळंच काम केलं. परवा माहेरी असताना वहिनीच्या दिवसाचे तास लिहून आणले होते, तिला सांगूनच, ती हसली पण सांगत गेली. ते आज मांडले. नळाला पाणी पाचव्या दिवशी, आलं की रात्री दोन असो की पहाटे चार, उठून भरायचं, टाकी, पिंप, हंडे, कळशा, तीन तास. बाकीचे दिवस पाणी पुरवून वापरण्यात डोकं. सकाळचा स्वयंपाक अडीच तास, संध्याकाळचा दोन, भाकरी चुलीवरच कारण गॅस पुरवायचा असतो, काड्या आणणं, राख काढणं, भांडी. मग वावर. कापूस वेचणीच्या दिवसांत हे सगळं करून वर दिवसभर वेचणी.

हे कागदावर बघितलं आणि गोष्टीची रचना एकदम उलगडली. बाईंच्या मुलखात दोन विद्यापीठं आहेत, दोन्ही बायकांची. एक शोध लावतं ढगांच्या वर सोडलेल्या फुग्याचा, नळ्या लावून हवेतलं पाणी हवं तेव्हा ओढून घ्यायचं, पूरही नाही, दुष्काळही नाही. दुसरं शोध लावतं ऊन गोळा करून साठवायच्या यंत्राचा. पाणी आणि चूल! जगातले सगळे शोध मोकळे पडले होते त्यांच्यापुढे, त्यांनी नेमके हे दोन निवडले, कारण बाईचा दिवस या दोन गोष्टी खातात. आणि ते परत मिळालेले तास कुठे जातात तर प्रयोगशाळेत, बागेत, भरतकामात, पुस्तकात. साराचे ते दोन तास म्हंजे गोष्टीतला सगळ्यात मोठा शोध आहे असं माझं ठाम मत झालंय. त्या वेळच्या गोष्टींत माणसं चंद्रावर जात होती, समुद्राखाली जात होती. तिथे गेल्यावर त्यांना जेवायला कोण करून घालतं हे विचारलेलं मला तरी कुठे भेटलं नाही.

आणि हे शोध लागत असताना पुरुष काय करत असतात? सैन्य वाढवत असतात, आणि बायकांच्या या कामाला भावनेच्या भरातलं दुःस्वप्न म्हणतात. मग लढाई येते, पुरुष हरतात, आणि दुसऱ्या विद्यापीठाच्या प्रिन्सिपॉल बाई दोन हजार विद्यार्थिनी घेऊन जातात आणि तेच साठवलेलं ऊन शत्रूवर सोडतात. चुलीसाठी केलेलं यंत्र देश वाचवतं. कथा बांधायची काय ताकद आहे बघा, आधी चूल दाखवली ती पुढे लढाईत कामाला आली.

२० एप्रिल, रविवार

झालं!! सव्वाअकराला ठेवलं. पाव किलो तांदूळ, भिजवलेली तुरीची डाळ, मीठ, हळद, पाणी. बाराला ८२. पाऊणला ९७. आरसा दर अर्ध्या तासाने फिरवला, ते काम भाचीने केलं, तिला सांगून ठेवलं की आरशाकडे थेट बघायचं नाही. एक वाजून चाळीसला उघडलं, खिचडी मोकळी, डाळ बोटात चुरली जाते. वरून लसणाची फोडणी मात्र गॅसवर, उन्हावर फोडणी होत नाही.

माझ्या घशाशी आलं खरं सांगते. एकशे वीस वर्षांपूर्वी भागलपूरकडच्या एका खोलीत बसून एका बाईने कागदावर शिजवलेली खिचडी बोरीकाठच्या गच्चीवर उतरली.

२२ एप्रिल

भाचीचा फोन, नववीत आहे. तिला हवेतली गाडी खटकतेय. गोष्टीत एक चौकोनी फळी, दोन खुर्च्या, दोन हायड्रोजनचे गोळे आणि दोन पाती, वीज लावली की उडाली. ती म्हणे फुई (आत्या), गोळे केवढे लागतील? फोनवरच केलं दोघींनी. एक घनमीटर हायड्रोजन साधारण १.१ किलो उचलतो. दोन बाया आणि फळी मिळून १५० किलो धरले तर १३६ घनमीटर गॅस, दोन गोळ्यांत वाटला तर एकेक गोळा पाच मीटर व्यासाचा, म्हंजे आमच्या गावच्या मारुतीच्या देवळाएवढा. भाची म्हणाली मग गाडी गल्लीत नाही मावणार. नाही मावणार. पण हा हिशोब गोष्ट वाचून एका पोरीने केला हे माझ्या दृष्टीने गोष्टीचं यश.

तारखा पण बघून घ्या: राइट बंधूंचं विमान डिसेंबर १९०३ ला उडालं, भारतात पहिलं टपालाचं विमान उडालं १९११ ला, अलाहाबादहून नैनीला. मधल्या १९०५ साली पडद्यात राहणारी बाई दोन सीटची विजेवर चालणारी गाडी आकाशात सोडते. आणि पुढे पंचवीस वर्षांनी त्या स्वतः खऱ्या विमानात बसल्या, पन्नास मैल फिरल्या, त्यावर लेख लिहिला. ते वाचल्यापासून मी दोन दिवस खुशीत आहे.

२४ एप्रिल

आज जड गेलं.

गोष्टीत एक वाक्य आहे ज्यावरून मी आधी भरकन पुढे गेले होते. मुलखात रेल्वे नाही, फरसबंदी रस्ते नाहीत, म्हणून अपघात नाहीत. आमचं अमळनेर सुरत-भुसावळ लाइनवर, निम्मी नातलग मंडळी रेल्वेत, भुसावळ तर रेल्वेवरच वाढलेलं गाव, त्यामुळे मला वाटलं की हे काय, रेल्वे का नको.

मग त्यांचं १९३१ चं 'अवरोधवासिनी' बघितलं. पडद्यातल्या बायकांच्या ४७ खऱ्या हकीकती. त्यातली एक किऊल स्टेशनची. रुकय्याबाईंच्या सासरच्या नात्यातली एक बाई, गाडी बदलताना बुरख्यात पाय अडकून फलाट आणि गाडीच्या मध्ये पडली. हमाल धावले तर सोबतची मोलकरीण ओरडली की खबरदार, बीबीसाहेबांच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही, आणि तिला एकटीला ते ओढणं जमेना. गाडी अर्धा तास थांबली. मग निघाली. ती बाई अकरा तासांनी गेली.

हे वाचून मी त्या एका वाक्याकडे परत गेले. कोणती हकीकत आधीची, कोणती नंतरची हे बाजूला ठेवते, पण अशा घरांत वाढलेली बाई जेव्हा लिहिते की इथे कोणी गाडीखाली येत नाही, तेव्हा ते वाक्य भरकन वाचायचं नसतं. भाषांतरात ते वाक्य आता वेगळ्या ओळीत एकटं ठेवलंय.

याच्यामुळे आणखी एक गोष्ट माझ्यापुरती मिटली. बाईंचे यजमान दोन दिवस दौऱ्यावर होते तेव्हा त्यांनी वेळ घालवायला ही गोष्ट लिहिली, ते आल्यावर दाखवली, त्यांनी उभ्या उभ्या सगळी वाचली आणि म्हणाले, हा तर भयंकर सूड आहे. सगळीकडे हेच सांगितलं जातं आणि गोष्टीला सूड म्हणूनच वाचतात, पुरुषांना कोंडलं म्हणून. मला नाही पटत. सूड घ्यायचा असता तर पुरुषांचे हाल रंगवले असते. हाल कुठेच नाहीत, ते घरात स्वयंपाक करतात, लेकरं सांभाळतात, एवढंच. सूड वाटतो कारण बाईचं रोजचं जिणं जसंच्या तसं पुरुषाला दिलंय.

२५ एप्रिल

एक टोचणी आहे तीही लिहून ठेवते, नुसतं कौतुक केलं तर बाईंवर अन्याय होईल. मुलखात राणी आहे, चांगली आहे, मुलींच्या शाळा काढते, एकविसाच्या आत लग्न नाही असा कायदा करते. पण धुणं-भांडी करणारी, झाडणारी कोण? विजेवर शेत नांगरलं जातं हे सांगितलंय, पण शेत कोणाचं हे नाही. जमीनदार घरातल्या लेकीला तेवढं दिसलं नाही असं वाटतं. तरी पुढे याच बाईंनी नवरा वारल्यावर १९०९ ला भागलपूरला पाच मुलींवर शाळा काढली, तिथून निघावं लागलं, १९११ ला कलकत्त्यात आठ मुलींवर परत काढली, घरोघर फिरून पोरी मागितल्या. गोष्टीत राणीच्या एका हुकमाने जे झालं ते बाईंनी दार वाजवून वाजवून केलं, शेवटपर्यंत. ९ डिसेंबर १९३२ ला गेल्या, आदल्या रात्री लेख लिहीत होत्या, बायकांच्या हक्कांवरचा, तो अर्धाच राहिला.

२७ एप्रिल, रविवार

प्रिंटआउट काढले, २२ पानी, ३० प्रती, मोठ्या अक्षरात. अहिराणी मायकडून तपासून घेतली, तिने सात ठिकाणी कान पकडला. मी 'पुष्कळ' ठेवलं होतं तिथे 'गंज', 'सगळे' होतं तिथे 'बठ्ठा'. मी शहरात राहून पुस्तकी झालेय ते तिच्या कानाला लगेच कळतं.

३० एप्रिल, आखाजी

रात्रीचे अकरा. पाय दुखतायत, झोप नाही.

सकाळी घागर भरली, वर डांगर ठेवलं, पितरांना जेवण, आमरस, मांडे. मांडे चुलीवर, खापरावर, मायच्या हाताचे. आणि शेजारी गच्चीवर खोक्यात भात.

आखाजी म्हंजे आमच्याकडे सासुरवाशिणींचा सण, बाहेरच्यांना सांगून कळत नाही. लेकी माहेरी येतात, गौराई असते, निंबाला झोके बांधलेले, गाणी, आणि त्या दोन-तीन दिवसांत लेकीला कोणी काम सांगत नाही. गडी माणसं पारावर पत्ते कुटतात. दुपारी चारला निंबाखाली बसलो, पस्तीसेक बाया-पोरी, काही झोक्यावर, आणि पारावरून पत्त्यांचा गलका. मी वाचायला लागले आणि पहिल्या पानावर 'इथले पुरुष कुठे आहेत' आलं तर सगळ्यांनी एकदम पाराकडे बघितलं. जे हसू फुटलं ते पाच मिनिटं थांबेना.

स्वयंपाकघर आलं तेव्हा शांत झालं. मी खोकं मध्ये ठेवलं, भात वाटला, सगळ्यांना दोन-दोन घास. न्हाणीघराचं छत पेटीच्या झाकणासारखं सरकवायचं, नळाची तोटी सोडायची आणि फवाऱ्याखाली आंघोळ करायची, हे वर्णन दोनदा वाचायला लावलं मला. मुलखात मुख्य जेवण फळांचं, हे वाचल्यावर रावेरला दिलेली एक लेक म्हणाली, मग आमचा मुलूख तोच की, केळीच केळी.

फुग्याचं पाणी आलं तेव्हा शेजारच्या म्हातारीने थांबवलं. "मंग पानी कोन भरस तठे?" कोणीच नाही भरत, घरात येतं. ती परत: "रातले बी?" रात्रीही उठावं लागत नाही म्हटलं. ती मान हलवत राहिली. मी पुढे वाचायला जरा वेळ घेतला.

भाचीच्या मैत्रिणीने विचारलं की पुरुषांना कोंडणं बरोबर आहे का, आपल्याला कोंडलं ते चूक तर तेही चूक. मी उत्तर दिलं नाही, वादच होऊ दिला, चांगला अर्धा तास झाला. एक म्हणे चार दिवस तरी कोंडून बघावं म्हंजे कळेल. एक म्हणे नको, मग कापसाचा चुकारा आणायला कोण जाईल, तर दुसरी लगेच, मी जाईन, त्यात काय. ती बँकेत कधीच एकटी गेलेली नाही, मला माहीत आहे.

शेवट वाचला, सुलताना हवेतल्या गाडीतून घसरते आणि बघते तर आपल्याच खोलीत आरामखुर्चीत. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. झोक्याची दोरी करकरत होती तेवढीच. मग म्हातारीने विचारलं, "तिले लिखाले कोनी शिकाडं?" मी म्हटलं, "भाऊनी. रातले, मेनबत्ती लाईसन."

ती आपल्या नातवाकडे बघून म्हणाली, "आयकं का?"

४ मे, रविवार

जळगावला परतले. खोकं वहिनीकडेच ठेवून आले. कोपऱ्याचा पुठ्ठा सुटलाय, पुढचं खोकं प्लायवुडचं करू, भाऊ सुताराशी बोललाय. पुढचं भाषांतर १९२४ ची 'पद्मराग' कादंबरी, बराच मोठा पल्ला आहे, बांगला येत नाही म्हणून इंग्रजीवरून करावं लागेल, त्याची खंत राहील.

वहिनीचा फोन आला होता दुपारी. डाळ अकराला ठेवली, दीडला झाली, मध्ये फक्त दोनदा आरसा फिरवायला गेली. तोवर खाली बसून ती २२ पानं परत वाचली. म्हणाली, साराचा तो चिरुटाचा हिशोब आहे ना, तसा बाईच्या धुण्याचा पण करून पाठव, आकडे मी देते.